तीन पाण्यांवरचं ऑकलंड

रविवार, ११ फेब्रुवारी. ही तारीख मला लक्षात ठेवावी लागली नाही, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात माझ्याच हाताने लिहिलेली आहे. स्वयंपाक उरकून मी जेवणाच्या टेबलावर पट्टी, पेन्सिल आणि विमानाचं तिकीट घेऊन बसले होते. सासूबाईंच्या गोळ्यांचं वेळापत्रक करायचं होतं. डॉक्टरांना ते मंगळवारी दाखवायचं होतं, आणि ते पाहिल्याशिवाय ते प्रवासाची परवानगी देणार नव्हते.

माझी नणंद ऑकलंडला असते. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर, चाळिशीला टेकल्यावर, तिला दिवस राहिले होते. मार्चच्या मध्याची तारीख होती. तिने एकच गोष्ट मागितली: आई हवी. मी जाऊ शकत नव्हते, कारण मी वसईच्या एका ज्युनिअर कॉलेजात कचेरीत काम करते आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे बारावीची परीक्षा. नवऱ्याच्या पासपोर्टची मुदत संपलेली, नवा यायला वेळ होता. म्हणजे सासूबाई एकट्या जाणार. वय अडुसष्ट, आधी कधी विमानात बसलेल्या नाहीत, एवढ्यावर अडलं नसतं. अडलं होतं ते गोळीवर.

त्यांना फिट येते. नियमित गोळी घेतली तर येत नाही. सकाळी सात, संध्याकाळी सात. दोन वर्षांपूर्वी एका लग्नाला पालघरच्या पुढे गेल्या, डबी घरी राहिली, दोन गोळ्या चुकल्या. तिसऱ्या गोळीच्या वेळेआधीच मांडवात कोसळल्या. कपाळाला सहा टाके पडले, खूण अजून आहे. डॉक्टर तेव्हापासून एकच सांगतात, की गोळी उशिरा झाली तर फिट, आणि घाईने दोन जवळजवळ घेतल्या तर चक्कर येऊन पडणं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे चालेल, त्याहून जास्त नाही. विमानात, अनोळखी लोकांमध्ये, दोन देश ओलांडताना हे कसं सांभाळणार ते मला लिहून आणून दाखवा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

लिहून आणणं हे माझं काम. बावीस वर्षं मी कॉलेजात परीक्षांची वेळापत्रकं करते. एकाच वेळी एकच शिक्षक दोन वर्गांवर, असा घोळ माझ्या कागदावर कधी झालेला नाही. तेव्हा मी ते दहा मिनिटांचं काम समजून बसले.

तिकिटावर असं होतं. मुंबईहून सकाळी साडेअकरा, सिंगापूरला संध्याकाळी साडेसात. सिंगापूरहून रात्री साडेनऊ, ऑकलंडला दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वीस. मी शेवटच्या वेळेतून पहिली वजा केली. आठ तास, मध्ये दोन तास थांबा, मग चौदा तास पन्नास मिनिटं. एकूण चोवीस तास पन्नास मिनिटं. म्हणून गोळ्यांचे रकाने आखले: निघण्याआधी घरी सात वाजता एक, सिंगापूर यायच्या अर्धा तास आधी सात वाजता दुसरी, आणि दुसऱ्या विमानात सकाळी सात वाजता तिसरी. खाली दुहेरी रेघ मारली.

नवरा मागून डोकावला. "बोर्डाचा पेपर आहे का? आईचा बैठक क्रमांक टाक ना वर."

"तू चहा ठेव," मी म्हटलं.

सासूबाई समोर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मी कागद मोठ्याने वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, हात चालूच होते.

"एकून किती तास बोललीस?"

"पंचवीस धरा."

"म्हंजे चार पानी," त्या म्हणाल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी वसईतल्याच निर्मळ गावची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं, वाडीत केळीला आणि फुलांना सोडायचं. लग्न होऊन खाडीकाठच्या नायगावला आले तेव्हा कळलं की इथल्या जुन्या घरांत पाणी म्हणजे खाडीचं. सासूबाई मिठागरावर वाढलेल्या. त्यांचे वडील मिठागराच्या बांधावरची उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी झडप, जिच्यातून भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि मग बंद करायची. वेळ चुकली तर पाणी मिळालं नाही, किंवा नको तेवढं आलं आणि तयार मीठ विरघळून गेलं. त्यामुळे या घरात सहा तास असं कोणी म्हणत नाही. पाणी चढायला सव्वासहा तास लागतात, उतरायला तेवढेच. चढलं की एक पाणी, उतरलं की दुसरं. आजही सासूबाई कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर बाकी सगळं पाण्यावर मोजतात. विरारला कुणाकडे गेल्या आणि उशीर झाला तर येऊन म्हणतात, अर्धं पानी तिथंच गेलं.

मी एवढी वर्षं त्याकडे म्हाताऱ्या माणसाची बोलायची लकब म्हणून पाहत आले होते.

"चार पानी," त्या पुन्हा म्हणाल्या आणि शेंग खाली ठेवली. "मी तिकडं उतरेन तवा तिच्याकडं काय वाजलेलं असंल?"

"दुपारचे बारा वीस. तिच्या जेवणाची वेळ."

"ती जेवायच्या सुट्टीत मना रोज फोन करते."

"हो."

"तवा मी काय करत असते?"

नणंदेचा फोन येतो तेव्हा सासूबाई गॅसवर आंघोळीचं पाणी ठेवत असतात. पहाटेचे पाच. बारा वर्षांत त्यात बदल नाही. तिकडच्या थंडीत तासाने पुढे जातो एवढंच.

"तवा माझ्याकडं पहाट," त्यांनीच सांगितलं. "आता बघ. मी जानार त्या दिवशी बीज हाय. बे पाऊण दीड. दुपारी दीडला भरती पुरी. माझं इमान साडेअकराला, म्हंजे पानी चढत असतानाच मी निघाली. मग पावणेआठला ओहोटी, एक पानी झालं. रात्री दोनाच्या सुमाराला भरती, दुसरं पानी. मग उतरायला लागलं, आनि अर्धं उतरलं तवा पाच वाजले, मी पोरीच्या दारात. पहिलं अर्धंमुर्धं, शेवटचं अर्धं, मधली दोन पुरी. तीन पानी बी भरत नाय. तुझं चौथं पानी कुटून आलं गो?"

'बे पाऊण दीड' ही पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा; बीज ही दुसरी तिथी, म्हणून बे. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. माझ्या पिढीत शाळेतून ती गेलीच होती, आम्ही तीसपर्यंत पाढे म्हणून मोकळे झालो. सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या, पण पाऊणकी त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी येते, कारण ती त्यांच्या घरात कामाची होती. जी तिथी असेल तिची पाऊणकी करायची, बारापासून पुढे तेवढे तास मोजायचे, तेव्हा भरती पुरी. अमावास्येला आणि पौर्णिमेला बारा. अष्टमीला आठ पाऊण सहा. त्यांचे वडील बांधावर उभं राहून तिथी सांगून विचारायचे, भरती कधी, आणि पोरीने तिथी ऐकून वेळ सांगायची. चुकली तर त्या दिवशी भाकरीबरोबर सुकट नाही. असं त्या सांगतात, खरं किती ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मी पेन्सिल घेऊन पुन्हा बसले. चूक दिसायला फार वेळ लागला नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची होती. सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे, ऑकलंडचं त्या महिन्यात साडेसात तास पुढे. मी तीन गावांची घड्याळं एकाच रकान्यात टाकून वजाबाकी केली होती. सगळ्या वेळा आपल्या घड्याळात आणल्यावर मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास झाले, थांबा दोन, सिंगापूर ते ऑकलंड नऊ पन्नास. एकूण सतरा तास वीस मिनिटं.

नवऱ्याने फोनवर अंतर काढलं. पहिला टप्पा सुमारे तीन हजार नऊशे किलोमीटर, दुसरा सुमारे आठ हजार चारशे. ताशी आठशेने भागलं तर उडण्याचे तास साडेपंधराच्या आत बसतात. मी भागाकार दोनदा केला. त्यात थांबा मिळवला की सासूबाईंची 'तीन पानी बी भरत नाय' तंतोतंत.

"म्हणजे आईचं बरोबर," नवरा म्हणाला, "आणि बोर्डाचं चुकलं."

"चहा उकळून गेला असेल, बघ," मी म्हटलं.

चूक साधी होती पण परिणाम साधा नव्हता. माझ्या कागदाप्रमाणे दुसऱ्या विमानात ऑकलंडच्या घड्याळाने सकाळी सातला गोळी घ्यायची, तेव्हा आपल्याकडे आदल्या रात्रीचे साडेअकरा असते. म्हणजे आधीच्या गोळीनंतर बारा तासांऐवजी जेमतेम सात तासांनी. चक्कर येणार ती विमानाच्या जिन्यावर किंवा विमानतळावरच्या सरकत्या पट्ट्यावर. हा कागद मी डॉक्टरांना विश्वासाने देणार होते, तेही माझ्या सहीनिशी.

मी पान फाडलं. सासूबाईंनी फाटलेले तुकडे उचलले आणि त्यात वालाची सालं भरली.

"मग आता रकाने कसे करू?" मी विचारलं. घरात मी कुणाला असं विचारत नाही.

"रकानं कशाला? सातला गोळी. आपलं सात."

"पण तिथली घड्याळं वेगळी दाखवतील."

"दाखवू दे ना. त्यांचं घड्याळ त्यांच्या भिंतीवर. मी माझं बदलनारच नाय. पोरीच्या घरात पाय ठेवला की मग बघू."

मंगळवारी डॉक्टरांपुढे आम्ही दोघी बसलो. नव्या कागदावर तीनच ओळी होत्या. सकाळी सात, घरी. संध्याकाळी सात, तेव्हा सिंगापूरला साडेनऊ, विमान सुटायची वेळ. सकाळी सात, तेव्हा ऑकलंडला दुपारचे अडीच, मुलीसोबत. घड्याळ वसईचंच ठेवायचं.

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "एवढंच? माझे काही पेशंट चार-चार पानं छापून आणतात."

"मीही आणणार होते," मी म्हटलं, आणि झालेला प्रकार लपवला नाही.

ते सासूबाईंकडे वळले. "आजी, विमानात खिडक्या बंद करतात. घड्याळात सात दिसले तर सकाळचे की संध्याकाळचे, कसं कळणार?"

"गोल्या दोनच बरोबर हायेत. निघाल्यावर पयली येते ती सांजची. ती संपली की उरते ती सकालची. यात काय कलायचं?"

"आणि झोप लागली तर?"

"डॉक्टर, मिठागरावर रात्रीची भरती असायची तवा वडील झोपायचे, मी जागी असायची. तुमच्या इमानात तर जेवनपन आनून देतात."

डॉक्टर हसले आणि पत्र लिहून दिलं. वर दुसरं एक पत्र दिलं, गोळ्यांच्या नावांचं, विमानतळावर दाखवायला. दारात आम्हाला थांबवून म्हणाले, "त्या दोन सोडून जादा चार गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा." तेवढी एक गोष्ट त्यांनी आमच्या कागदात वाढवली. ती योग्यच होती.

पुढच्या दहाबारा दिवसांत मी त्यांना स्टेशनजवळच्या दुकानातून मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणून दिलं. त्यांनी ते रात्रंदिवस हातात ठेवून पाहिलं. पहिल्या दिवशी एक मिनिट मागे पडतं म्हणून परत नेलं, दुसरं आणलं. शेजारच्या टॉवरमधल्या बायका भाजीच्या गाडीवर भेटल्या की विचारायच्या, "मावशी, न्यूझीलंड किती लांब?" आणि प्रत्येकीकडे आपापला आकडा असायचा. कुणी म्हणे सोळा तास, कुणी म्हणे दीड दिवस, एकीचा भाऊ म्हणे निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोचला. सासूबाई गवारीच्या शेंगा निवडता निवडता त्यांना सांगायच्या, "तुम्ही दोन गावांची घड्यालं एकमेकांत मिसलता. माझ्या सुनेनंपन तेच केलं व्हतं. ती तर कॉलेजात हाय." एवढं बोलून वर गवार दहा रुपयांनी कमी करून घ्यायच्या. मी शेजारी उभी राहून ऐकायची. त्या दिवसांत गवार आमच्याकडे तीनदा झाली.

चाकाच्या खुर्चीवरून मात्र भांडण झालं. तिकिटासोबत मी ती सोय मागून घेतली होती, चालता येत नाही म्हणून नाही, तर खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर दाराशी नेऊन सोडतो म्हणून.

"मी काय लंगडी हाय?"

"नाही. पण सिंगापूरचा विमानतळ आपल्या नायगावएवढा आहे."

"मग नायगावात मी काय खुर्चीवर फिरते?"

शेवटी मी म्हटलं, "आई, तुम्ही बसू नका. पिशवी ठेवा खुर्चीत आणि बाजूने चाला." हे त्यांना पटलं. नंतर कळलं की त्यांनी खरोखरच तसं केलं होतं.

निघायच्या दिवशी, सोमवारी, सकाळी सातला त्यांनी माझ्यासमोर गोळी घेतली, घोटभर पाणी प्यायल्या आणि घड्याळाकडे बघून मान हलवली. आम्ही नऊच्या आत विमानतळावर होतो. आत जाताना नवरा पाया पडला. त्या त्याला म्हणाल्या, "माघारी जाताना गाडी हळू घे." मला म्हणाल्या, "अळवाला पानी घाल, सुकलंय." एवढंच. पाठ फिरवून ताठ चालत गेल्या, खुर्ची ढकलणारा त्यांच्या मागून.

मी तिथून सरळ कॉलेजात गेले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरची बैठक व्यवस्था लावायची होती.

सिंगापूरला पहिलं विमान वेळेवर उतरलं. ते फोनवर दिसत होतं. दुसऱ्या विमानाच्या पुढे साडेसहाला लाल अक्षरं आली: तीन तास उशीर.

नवरा खुर्चीतून उठला. "आता सगळं बिघडलं."

मी कागद काढला. उशिराने विमान सिंगापूरहून आपल्या रात्री दहाला सुटणार होतं. म्हणजे संध्याकाळची गोळी विमानात नाही, विमानतळावर, आणि खुर्चीवाला सोडून गेलेला असणार. ते एक बरं, तिथे पाणी मिळतं आणि बसायला जागा असते. पण ऑकलंडला उतरायची वेळ पुढे जाऊन आपल्या सकाळच्या सात पन्नासला आली होती. सकाळची गोळी मुलीसोबत घ्यायची होती, ती आता विमानात घ्यावी लागणार. उतरण्याच्या पाऊण तास आधी. एकटीने. आम्ही आखलेल्या तीन ओळींतल्या दोन हुकल्या होत्या.

"कंपनीला फोन करू," नवरा म्हणाला, "हवाई सुंदरीला सांगायला सांगू, सातला आठवण कर म्हणून."

"कुणाच्या सातला?" मी विचारलं.

हाच तर प्रश्न होता. आपण काय सांगणार, त्यांनी काय ऐकणार, आणि त्या कुठल्या घड्याळाने हलवून उठवणार. मध्ये माणूस घातला की घड्याळही घातलं. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. खरं सांगायचं तर मलाही धाकधूक होती. मांडवातलं ते कपाळ डोळ्यांपुढे आलं. पण करण्यासारखं काही नव्हतं, आणि जिथे करण्यासारखं काही नसतं तिथे मी वेळ घालवत नाही. वरण-भात जेवलो, मी दहाला झोपले. नवऱ्याचं त्याला माहीत.

सकाळी सातला मी डब्यासाठी पोळ्या करत होते. घड्याळाकडे पाहिलं, तवा उतरवला, आणि मिनिटभर तशीच उभी राहिले. मग पुढची पोळी लाटली.

नऊला दहा कमी असताना फोन वाजला. नणंद होती. "वहिनी, आई बाहेर आली."

"गोळी?"

"अगं, नमस्कार-चमत्कार काही?"

"गोळी घेतली का ते विचार."

पलीकडे फोनची ओढाओढ झाली आणि सासूबाईंचा आवाज आला. "कोन? सून का? घेतली. सातला."

"विमानात? कशी घेतली?"

त्यांनी सांगितलं ते असं. सिंगापूरला उशीर होणार हे त्यांना बोलण्यातलं काही कळलं नाही, पण सगळे परत बसले तेव्हा समजलं. घड्याळात सात झाले तेव्हा तिथल्या भिंतीवर साडेनऊ होते. त्यांनी गोळी घेतली. शेजारी नडियादची एक बाई बसली होती, तीही मुलीकडे निघालेली, तिलाही रक्तदाबाची गोळी होती आणि ती घ्यायची कधी म्हणून रडकुंडीला आलेली. "तिच्या हातातल्या घड्यालात तिनं सिंगापूर लावलेलं. मी बोलली, ते आदी मागं कर. नडियादला काय वाजलं असंल ते लाव. मग तिची गोली मीच काढून दिली. हिंदीत बोललो दोघी. तिचं माझ्यापेक्षा बेकार."

"आणि सकाळची?"

"तीच सांगते. सहालाच मी पिशवीतनं गोली काढून मुठीत धरली, पान्याची बाटली मांडीवर. मग इमान हलायला लागलं, सगल्यांना पट्टे लावायला सांगितलं, कोनाला उठू देत नव्हते. ती नडियादवाली इमानात पन माझ्या बाजूलाच, बोलते, बेन, पिशवी वर राहिली. मी बोलली, पानी यायच्या आदी उघाडीवर उभं राहायला लागतं, आल्यावर धावत जाऊन काय करनार?"

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"ऐकतेस ना गो? इमानतलावर त्या गोऱ्या पोरीनं कागद बघितला. बोलली, व्हेरी गुड. मी बोलली, येस."

"आई, आता घड्याळ तिथलं लावा. पुढच्या गोळीचं..."

"ते मी पोरीबरोबर बसून बघते. इकडं पन समुद्र हाय, ती बोलली दिसतो खिडकीतनं. तू कॉलेजात जा, तुझी परीक्षा हाय." आणि फोन ठेवला. माझी परीक्षा असं त्या म्हणाल्या, जणू पेपर मीच लिहिणार होते.

नवरा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. डोळे लाल, रात्रभर झोपला नव्हता. "काय म्हणाली?"

"सातला घेतली," मी म्हटलं. "आणि एका गुजराती बाईलाही तिच्या वेळेवर गोळी दिली."

तो खाली बसला आणि हसत सुटला. मीही हसले. त्या दिवशी कॉलेजात मी न विचारता चार जणांना ही हकीगत सांगितली. मी सहसा घरातलं कचेरीत नेत नाही. परीक्षेच्या धावपळीत, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर सह्या करता करता, मी उपप्राचार्यांना थांबवून सांगितलं की माझ्या सासूबाई, चौथी पास, बारा हजार किलोमीटर एकट्या गेल्या, विमान तीन तास लांबलं, आणि त्यांची गोळी एक मिनिट चुकली नाही. ते म्हणाले, छान. मला ते 'छान' कमी वाटलं, म्हणून पाऊणकीसकट पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघाले आणि आधी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. सासूबाईंच्या फाईलमध्ये लावायला एक स्वच्छ कागद केला होता. त्यावर तिन्ही गोळ्यांच्या प्रत्यक्ष वेळा, त्या वेळी त्या कुठे होत्या ते, आणि शेवटी 'फरक: नाही'. डॉक्टर अजून आले नव्हते. काउंटरवरच्या बाईने कागद घेतला आणि म्हणाली, खाली कुणी तयार केलं ते लिहा, सही हवी. मी पेन काढलं, सवयीने माझं नाव लिहायला घेतलं, थांबले, आणि 'तयार करणार' यापुढे सासूबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. त्याच्या खाली, लहान अक्षरात, 'नक्कल करणार' म्हणून माझी सही केली आणि कॉलेजची वाट धरली.